अंधांची अक्षरे आणि अंधांचे हक्क



कामगार संघटनेत काम करणारा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो जिनिंगमधील मजूर, हमाल, विडी कामगार नाहीतर अंगणवाडी सेविका यांच्याविषयी बोलणार, असे श्रोते धरून चालतात. त्यांचे काही चुकत नाही. आजही आम्ही कष्टकऱ्यांविषयीच बोलणार आहोत. मात्र हे कष्टकरी असे आहेत की समाजाने त्यांना कष्टकरी म्हणून फारसे कधी मोजलेच नाही. आम्ही अंध माणसांविषयी बोलत आहोत.

‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. ती ऐकून माणसे हसतात, आणि हसताना त्यांचे लक्ष कुत्र्याकडे असते. आमच्यासारख्याचे लक्ष मात्र पहिल्या दोन शब्दांकडे जाते. आंधळे दळते! म्हणजे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे की अंध माणूस जात्यावर बसतो, खुंटा धरतो, घाम गाळतो. प्रश्न एवढाच उरतो की पीठ कोण खातो. हा प्रश्न दयेचा नसून मजुरीचा आहे. दुसरी म्हण याच्या उलट आहे: ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.’ इथे अंध माणूस मागणारा आहे आणि देणारा वर बसलेला आहे. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत अंध माणसांनी जगभर जे केले, त्याचा सारांश सांगायचा तर ते मागणे सोडून मागणी करू लागले. हा प्रवास कसा झाला, त्यात कोणती साधने हाती आली आणि ती सर्वांपर्यंत पोहोचण्यासाठी काय करावे लागले, तेवढे आज सांगायचे आहे.

हा प्रश्न मूठभरांचा आहे असे कोणी समजू नये. 2011 च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्या माणसांची संख्या देशात 50 लाखांवर नोंदली गेली. पूर्वी देवीच्या रोगाने गावोगावी डोळे जात. तो रोग 1975 साली देशातून हटला. खुपरी आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही पुष्कळ मुलांची दृष्टी नेली. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे आणि ती करणारे डॉक्टर आहेत, ही मोठी गोष्ट होय. पण ज्याची दृष्टी परत येणार नाही, त्याला डॉक्टरने हात जोडल्यानंतरही पन्नास-साठ वर्षे जगायचे असते. शिकायचे असते, कमवायचे असते, संसार करायचा असतो. आमचे आजचे बोलणे त्या पन्नास-साठ वर्षांविषयी आहे.

प्रज्ञाचक्षू आणि सामान्य अंध

आपण वऱ्हाडातली माणसे. अंध विद्वान म्हटला की आपल्यासमोर पहिले नाव उभे राहते ते संत गुलाबराव महाराजांचे. 1881 साली अमरावती जिल्ह्यात एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला, आणि वर्षाचे होण्याआधीच त्यांचे डोळे गेले. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. 1915 साली पुण्यात त्यांनी देह ठेवला. तेवढ्या काळात वेदान्तापासून पाश्चात्त्य विचारांपर्यंत नाना विषयांवर शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर जमा झाले. लोकांनी त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले ते योग्यच होते.

आम्ही त्यांच्याकडे भक्त म्हणून पाहत नाही आणि टीकाकार म्हणूनही पाहत नाही. आम्हांला एका साध्या व्यवहारी गोष्टीचे कुतूहल आहे. हे सारे वाचन झाले कसे आणि लेखन झाले कसे? वाचन झाले ते दुसऱ्यांनी वाचून दाखवलेले ऐकून, आणि लेखन झाले ते दुसऱ्यांच्या हातून. म्हणजे त्या अफाट बुद्धीला वाचणारे डोळे आणि लिहिणारे हात शिष्यांनी पुरवले. आता विचार करा, ज्याला शिष्य नाहीत त्याने काय करावे? कोरडवाहू शेतकऱ्याच्या, हमालाच्या, विडी वळणाऱ्या बाईच्या अंध मुलाला कोण वाचून दाखवणार? घरात वाचता येणारे एखादेच माणूस, आणि तेही दिवसभर कामावर. थोर पुरुषाच्या चरित्राने मान उंचावते हे खरे, पण त्याने सामान्य माणसाची वाट तयार होत नाही. त्या वाटेसाठी असे अक्षर लागते की जे वाचायला दुसऱ्याचा डोळा लागू नये. ते अक्षर शोधण्यासाठी आपल्याला थोडा वेळ फ्रान्स देशात जावे लागेल.

जत्रेतला खेळ आणि सहा टिंबे

1771 साली पॅरिसच्या सेंट ओविदच्या जत्रेत एका दुकानदाराने गिऱ्हाईक जमवण्यासाठी एक खेळ मांडला होता. अंध माणसांना विदूषकासारखे कपडे आणि टोप्या घातल्या, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे मोठे चष्मे चढवले, पुढे स्वरलिपीची पाने ठेवली आणि हातात वाद्ये दिली. ती बेसूर वाजवत होती आणि लोक पोट धरून हसत होते. त्या गर्दीत व्हॅलेंतिन आव्वी नावाचा एक गृहस्थ होता. त्याला हसू आले नाही. पुढे 1784 च्या सुमारास त्याने पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली. जाड कागदावर उठावदार अक्षरे छापून ती बोटांनी वाचण्याचा प्रयोग त्याने केला. प्रयोग मोठा होता, पण अडचणही मोठी होती. ती अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती. वळणे चाचपता चाचपता एक ओळ वाचायला बराच वेळ लागे, आणि मुलाला स्वतः लिहिता तर मुळीच येत नसे.

त्याच शाळेत 1819 साली एक दहा वर्षांचा मुलगा आला. त्याचे नाव लुई ब्रेल. बाप खोगिरे आणि चामड्याचा साज करणारा कारागीर. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानात आरीशी खेळताना ती लुईच्या डोळ्यात गेली, आणि काही काळात दोन्ही डोळे गेले. बार्बिये नावाच्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची एक पद्धत काढली होती, ती या शाळेत दाखवण्यात आली. लुईच्या लक्षात आले की बारा टिंबे बोटाच्या एका स्पर्शात मावत नाहीत. त्याने ती सहावर आणली. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. 1824 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी जवळजवळ तयार झाली आणि 1829 साली ती छापून प्रसिद्ध झाली. सहा टिंबांच्या 63 जुळण्या होतात, त्यांत अक्षरे आली, आकडे आले, संगीतही आले. ज्या आरीने डोळे घेतले, तिच्यासारख्याच टोकदार कलमाने कागद टोचून ही लिपी लिहितात.

आता पुढचा भाग आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाने कान टवकारून ऐकावा असा आहे. 1840 च्या सुमारास शाळेला नवा प्रमुख मिळाला. त्याला ही लिपी पसंत नव्हती. डोळस शिक्षकांना वाचता येत नाही अशी लिपी मुलांनी का वापरावी? त्याने ती बंद केली, पुस्तके जाळण्यात आली. मुलांनी काय केले? चोरून लिहिले. हाती लागेल त्या टोकदार वस्तूने कागद टोचले, एकमेकांना चिठ्ठ्या दिल्या, लहानांना मोठ्यांनी शिकवले. शेवटी शाळेलाच नमते घ्यावे लागले, आणि 1844 साली नव्या इमारतीच्या उद्घाटनाला या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ब्रेल 1852 साली वारला. सरकारी मान्यता 1854 साली आली, ती पाहायला तो नव्हता. लिपी एका मुलाने शोधली हे खरे, पण ती जगवली सगळ्या मुलांनी मिळून. वरून बंदी आली असता खालच्यांनी एकी टिकवली, म्हणून ती उरली.

ब्रेल आपल्या देशात

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा 1887 साली अमृतसरला निघाली. मुंबईत 1900 साली, मोठ्या दुष्काळाच्या त्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. 1902 साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. पुण्यात 1934 साली डॉ. शंकरराव माचवे यांनी अंधशाळा आणि वसतिगृह उभे केले. नागपूर आणि अमरावती येथेही अंध विद्यालये झाली. दादरच्या शाळेची कीर्ती इतकी होती की पुढे इंग्रजीतले नामवंत लेखक झालेले वेद मेहता यांना त्यांच्या वडिलांनी पाच वर्षांचे होण्याआधीच थेट पंजाबातून आगगाडीने या शाळेत पाठवले. देऊळगाव राजासारख्या गावाने या हकिकतीवर विचार करावा. डॉक्टर बापाला मुलगा इतक्या दूर पाठवणे जमले. ज्याच्या गावाला रेल्वे नाही आणि खिशात एस.टी.चे भाडे नाही, त्याच्या मुलाला शाळा आहे हे कळायलाच पिढ्या जाव्या लागल्या.

शाळा निघाल्या तरी एक घोळ होता. मिशनऱ्यांची एक लिपी, म्हैसूरची दुसरी, गुजरातेत तिसरी, अशा हिंदुस्थानी भाषांसाठी अनेक ब्रेल पद्धती चालू होत्या. एका शाळेतून शिकलेला अंध दुसऱ्या शाळेतला कागद वाचू शकत नसे. पुस्तके आधीच थोडी, त्यांत असे तट! हा घोळ मिटायला स्वातंत्र्य यावे लागले. शिक्षण मंत्रालयात 1947 पासून लाल अडवाणी हे अंध अधिकारी काम करू लागले होते. त्यांनी एका समान लिपीसाठी फार खटपट केली. युनेस्कोच्या मध्यस्थीने पॅरिस आणि बैरुत येथे परिषदा झाल्या, आणि 1951 साली ‘भारती ब्रेल’ मान्य झाली. त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेल छापखाना सुरू झाला.

भारती ब्रेलची युक्ती समजण्यासारखी आहे. ती अक्षराच्या आकाराकडे पाहत नाही, उच्चाराकडे पाहते. मराठी ‘क’, बंगाली ‘क’, तमिळ ‘क’ दिसायला वेगळे, पण टिंबे एकच. आपल्या गावाचेच नाव घ्या. ‘देऊळगाव’ हे भारती ब्रेलमध्ये सात घरांत बसते: द, ए, ऊ, ळ, ग, आ, व. काना-मात्रा वर-खाली चढत नाहीत, उच्चाराच्या क्रमाने एकामागून एक येऊन बसतात. आपल्या मराठीचा लाडका ‘ळ’ म्हणजे उजव्या बाजूची तिन्ही टिंबे. देशातल्या पंडितांना भाषावार वाद मिटवायला जे जमले नाही, ते या सहा टिंबांनी कागदावर करून दाखवले.

दान नको, न्याय हवा

वाचायला आले, मग पुढे काय? पोटाचे काय? येथे आम्ही आमच्या घरच्या विषयाकडे येतो.

बहुतेक अंधशाळांना जोडून कार्यशाळा असत. खुर्च्यांना वेत विणणे, टोपल्या, विणकाम, ब्रश, मेणबत्त्या हे ठरलेले धंदे. चालवणारी माणसे सद्हेतूचीच असत. पण कार्यशाळा धर्मादाय म्हटली की मजुरीचा प्रश्न विचारणे हा कृतघ्नपणा ठरतो. काम आहे, मालक आहे, माल बाजारात विकला जातो. फक्त मजुरीला ‘मदत’ म्हणायचे. इंग्लंडमधल्या अंध कामगारांनी हा पेच सर्वांत आधी ओळखला. त्यांनी ‘नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड’ नावाची स्वतःची कामगार संघटना काढली, 1899 साली ती रीतसर कामगार संघटना म्हणून नोंदवली आणि मग देशातल्या मोठ्या कामगार महासंघात ती सामील केली. 1920 च्या एप्रिलमध्ये या अंध कामगारांनी मँचेस्टर, लीड्स आणि न्यूपोर्ट अशा तीन गावांहून लंडनकडे पायी मोर्चे काढले. एकमेकांचे दंड धरून, रांगेने, शेकडो मैल. वाटेत गावोगावच्या कामगारांनी त्यांच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय केली. त्यांच्या निशाणावर लिहिले होते: दान नको, न्याय हवा. 25 एप्रिलला ते लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पोहोचले, पंतप्रधानांना भेटले, आणि त्याच वर्षी अंध व्यक्तींसाठीचा कायदा संमत झाला. सत्तराव्या वर्षी मिळणारे सरकारी निवृत्तिवेतन अंधांना पन्नासाव्या वर्षी मिळू लागले. त्यांचे सगळे मागणे त्यात आले नाही, ही गोष्ट वेगळी. मागणीपत्रातले सगळे एका फटक्यात मिळाले असा लढा आम्ही तरी पाहिलेला नाही.

आपल्याकडे मुंबईत 1952 साली ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ म्हणजे ‘नॅब’ ही संस्था स्थापन झाली. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी तिच्यासाठी पुष्कळ वर्षे खपून काम केले. या संस्थेने आणि तिच्यासारख्या इतरांनी कारखान्यांत जाऊन मालकांना पटवले की अंध माणूस जुळणी, बांधणी, मोजदाद ही कामे बरोबरीने करतो. दूरध्वनी केंद्रावरची नोकरी ही तर अंध सुशिक्षितांची हक्काची जागा झाली. कान तीक्ष्ण, नंबर पाठ, बोट चपळ. पुढे एस.टी.डी.-पी.सी.ओ.चे बूथ अपंगांना प्राधान्याने मिळू लागले, आणि बसस्थानकाबाहेरच्या त्या छोट्या काचेच्या खोक्यांतून कित्येक संसार चालले.

मग काय झाले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कचेऱ्यांतली दूरध्वनी केंद्रे आपोआप चालू लागली, तिथला माणूस निघाला. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, बूथ ओस पडले. यंत्र हे असेच असते. ते हात देते आणि हात काढूनही घेते. गिरणी कामगाराला हे सांगावे लागत नाही, जिनिंगमधल्या मजुराला सांगावे लागत नाही. म्हणून नवे यंत्र आले की आम्ही टाळ्या वाजवण्याआधी विचारतो, त्याबरोबर हक्क आला आहे काय? हक्काशिवाय आलेले साधन मालकाच्या मर्जीवर राहते.

आपल्या देशातल्या अंधांनीही हे ओळखले. 1970 साली दिल्लीत ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ स्थापन झाले. अंधांसाठीच्या संस्था पुष्कळ होत्या, ही अंधांची स्वतःची होती. या दोन प्रत्ययांतला फरक कामगाराला लगेच कळतो. 1977 साली केंद्र सरकारने तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या, त्यांत अंधांचा एक टक्का. आदेश निघाला, जागा भरेनात. 16 मार्च 1980 रोजी दिल्लीत अंधांनी मोर्चा काढला, आणि त्या मोर्चावर पोलिसांनी लाठी चालवली. समोरून येणारी काठी ज्यांना दिसत नव्हती त्यांच्यावर! देशभर संताप झाला, आणि अंधांच्या चळवळीत तो काळा दिवस म्हणून आजही स्मरला जातो.

त्यानंतरची वाट रस्त्यावरून न्यायालयात आणि न्यायालयातून संसदेत अशी गेली. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की योग्य ठरवलेल्या पदांसाठी अंधांना लोकसेवा आयोगाची परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन देता आली पाहिजे. अर्ज अंधांच्या महासंघाचाच होता. 1995 साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला. सरकार टक्केवारी मोजताना हात आखडता घेते हे पाहून महासंघ पुन्हा न्यायालयात गेला, आणि 8 ऑक्टोबर 2013 रोजी निकाल लागला की तीन टक्के हे सर्व श्रेणींत, एकूण पदसंख्येवर मोजायचे. 2016 सालच्या नव्या कायद्याने एकूण राखीव जागा चार टक्के केल्या. दरम्यान नावेही बदलत गेली. आंधळा, सूरदास, अंध, अपंग, दिव्यांग. चांगल्या नावाला आमचा विरोध नाही. पण नाव बदलल्याने पगार सुरू होत नाही, हे आम्ही कंत्राटी कामगारांच्या बाबतीत पुरेपूर पाहिले आहे.

बोलणारे यंत्र

आता अलीकडच्या साधनांकडे वळू. ब्रेलची पुस्तके जाड कागदाची. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये कित्येक खंड होतात, आणि ते ठेवायला कपाटे लागतात. म्हणून ध्वनिमुद्रित पुस्तके आली. आधी तबकड्यांवर, मग फितींवर, मग कॅसेटवर. गावोगावच्या गृहिणी, शिक्षक, निवृत्त माणसे आवाज देऊन अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचत आली आहेत. स्वागत थोरात यांनी 15 फेब्रुवारी 2008 रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. ताजी घडामोड आपल्या भाषेत, आपल्या बोटांनी आणि कोणाच्या मिनतवाऱ्या न करता वाचण्याची सोय त्यामुळे झाली.

पण खरी उलथापालथ केली ती संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमांनी. ‘जॉज’ हा त्यांतला प्रसिद्ध. तो बनवला अमेरिकेतल्या टेड हेंटर या अपघाताने अंध झालेल्या माणसाने. उत्तम कार्यक्रम, पण किंमत सामान्याच्या आवाक्याबाहेरची. मग 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने विचारले की डोळस माणसाला पडदा फुकट दिसतो, तर अंधाने त्याच पडद्यासाठी संगणकाहून जास्त पैसे का मोजावेत? त्याने ‘एनव्हीडीए’ हा कार्यक्रम लिहायला घेतला आणि तो सर्वांना विनामूल्य दिला. आज तो मराठीही वाचतो. मोबाईलमध्ये तर असा वाचक आतच बसवलेला असतो. सहा टिंबे शोधणारा अंध, समान लिपीसाठी झटणारा अधिकारी अंध, हा कार्यक्रम लिहिणाराही अंध. टिकलेल्या साधनांचा कर्ता पाहिला की तो बहुतेक वेळा ज्याला गरज आहे त्याच्यातलाच निघतो.

साधन आल्यावर नवी भिंत दिसली. पुस्तकाची बोलकी प्रत काढायची तर लेखक-प्रकाशकाची परवानगी लागे, नाहीतर ती चोरी. 2012 साली आपल्या संसदेने कायदा दुरुस्त करून अंधांसाठी अशी प्रत काढण्यास मोकळीक दिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या दृष्टिहीनांसाठीच्या केंद्राने, आणि देशभरच्या अंधांच्या संघटनांनी, यासाठी फार परिश्रम घेतले. 2013 साली मोरोक्कोतील माराकेश शहरी याच आशयाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला रीतसर मान्यता देणारा पहिला देश आपला ठरला. हा मान आपल्याला मिळाला ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकात असायला हवी.

या सगळ्याचे फळ एका मराठी मुलीच्या चरित्रात दिसते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणी गेली. शिक्षण दादरच्या त्याच अंधशाळेत, मग सेंट झेवियर्समध्ये, मग दिल्लीच्या नेहरू विद्यापीठात. वाचन बोलक्या संगणकावर. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पहिल्यांदा निवड झाली तेव्हा रेल्वेच्या लेखा सेवेत संपूर्ण अंधत्वाचे कारण सांगून त्यांना नेमणूक नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, 124 वा क्रमांक मिळवला, आणि 2019 साली केरळात तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. लोक याला जिद्द म्हणतात. जिद्द आहेच. पण 1900 सालची शाळा, 1951 सालची लिपी, 1993 सालचा निकाल आणि 1995 सालचा कायदा यांतली एक पायरी नसती, तर त्या जिद्दीला पाय ठेवायला जागा कुठे होती?

आपल्या गावापुढचा प्रश्न

इतिहास ऐकून घरी जाताना माणसाने आपल्या गावाकडे पाहावे. म्हणून शेवटी थोडे इथले.

रिझर्व्ह बँकेने 4 जून 2008 रोजी सर्व बँकांना लिहून कळवले की अंध ग्राहकाला चेकबुक, ए.टी.एम. यांसह कोणतीही सेवा नाकारू नये. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमच्या संघटनेच्या एका अंध सभासदाला एका बँकेत सांगण्यात आले, ‘अंगठा लावा, साक्षीदार आणा, चेकबुक मिळणार नाही.’ आम्ही त्या परिपत्रकाची प्रत घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. कोणावर आवाज चढवला नाही. प्रत टेबलावर ठेवली. त्याच दुपारी अर्ज घेतला गेला. हक्क सोळा वर्षांचा असो की सोळा दिवसांचा, त्याचा कागद हातात असल्याशिवाय आणि बरोबर दोन माणसे असल्याशिवाय तो खिडकीच्या आत जात नाही.

आता सगळेच मोबाईलवर आले आहे. बँकेची ओळखपडताळणी करताना यंत्र सांगते, ‘पापण्या मिटा आणि उघडा.’ ज्याला डोळेच नाहीत त्याने काय करावे? याच प्रश्नावर एक अंध वकील आणि आम्लहल्ला सोसलेली एक स्त्री सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने सांगितले की अशा सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे.

सेतू केंद्रावर, सरकारी संकेतस्थळावर आणखी एक अडचण आहे. पुष्कळ कागद हे कागदाचा फोटो काढून चढवलेले असतात. बोलक्या कार्यक्रमाला अक्षर लागते. चित्रातले अक्षर काढून घेण्याची युक्ती आता निघाली आहे, पण डागाळलेल्या, तिरप्या मराठी कागदापुढे ती अडखळते. दुसरी अडचण आपल्या मराठीची खास आहे. आपले छापखाने अनेक वर्षे जुन्या पद्धतीचे टंक वापरत आले. त्यात पडद्यावर ‘देऊळगाव’ दिसते, पण संगणकाच्या पोटात भलतीच रोमन अक्षरे असतात. डोळसाला कळत नाही, अंधाच्या कानावर मात्र निरर्थक बडबड पडते. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. 1951 पूर्वी ब्रेलचा जो घोळ होता, तोच हा घोळ, आणि त्याचा इलाजही तोच: सर्वांनी एक लिपी वापरणे.

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. व्याख्यान ही कानांनी घेण्याची विद्या आहे. म्हणून या मंडपात बसलेला अंध श्रोता तुमच्या-आमच्या बरोबरीचा असतो, त्याला इथे कोणाची मदत लागत नाही. पण हेच व्याख्यान उद्या ग्रंथात छापले गेले, की तो बाहेर राहतो. तेव्हा संयोजकांकडे आमची पहिली मागणी ही, की या ग्रंथाचा मजकूर युनिकोडमध्ये जुळवावा आणि त्याची प्रत मागेल त्या अंध वाचकाला विनामूल्य द्यावी. त्याला खर्च येत नाही. दुसरी मागणी नगरपरिषदेकडे आणि कचेऱ्यांकडे, की आपले अर्ज आणि सूचना फोटोच्या रूपात न टाकता अक्षरांच्या रूपात टाकाव्यात. तिसरी मागणी आमच्याच कामगार बंधुभगिनींकडे. इंग्लंडमध्ये अंध कामगारांचा मोर्चा गावात आला तेव्हा डोळस कामगारांनी त्यांना भाकरी दिली आणि आपल्या महासंघात जागा दिली. आपल्या प्रत्येक संघटनेने आपल्या भागातल्या अंध कष्टकऱ्यांची यादी करावी, त्यांना वर्गणी घेऊन सभासद करून घ्यावे, आणि त्यांचे मागणीपत्र त्यांनाच लिहू द्यावे. वर्गणी घ्या, ती माफ करू नका. वर्गणी देणारा सभासद सभेत उभा राहून जाब विचारू शकतो.

आंधळे दळते, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्याचे पीठ त्याच्याच घरी जावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.